गट समन्वयक ताईंना, तालुक्यातल्या पाणी समित्यांकडून जाहीर आभारपत्र

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

नळयोजनेच्या फलकावर योजनेचं नाव असतं, मंजूर रक्कम असते, ठेकेदार आणि उपअभियंता असतात. पंचायत समितीच्या गट संसाधन केंद्रात बसून केंद्राचा नियम, राज्याचा शासन निर्णय आणि ग्रामपंचायतीचा ठराव एकमेकांना जुळवून देणाऱ्या कंत्राटी समन्वयकासाठी त्यावर ओळ नसते. म्हणून तालुक्यातल्या ग्राम पाणीपुरवठा व स्वच्छता समित्यांच्या वतीने हे आभार जाहीरपणे मानत आहोत. तुम्ही नेमकं काय केलंत तेही सविस्तर लिहीत आहोत, म्हणजे शेजारच्या तालुक्यांना त्याचा उपयोग होईल.

घरोघरी नळाने पाणी देण्याच्या जलजीवन मिशनची घोषणा १५ ऑगस्ट २०१९ला झाली. माणशी रोज ५५ लिटर, तेही ठरलेल्या गुणवत्तेचं आणि नियमित, हा निकष केंद्राचा. महाराष्ट्रात खर्चाचा वाटा केंद्र आणि राज्य निम्मा-निम्मा उचलतात. गावांतर्गत कामाच्या खर्चाच्या १० टक्के लोकवर्गणी गावाची. डोंगरी-जंगली भागात आणि अनुसूचित जाती-जमातींची लोकसंख्या निम्म्याहून जास्त असलेल्या गावांत ती ५ टक्के. अंदाजपत्रक जिल्हा परिषदेचा ग्रामीण पाणीपुरवठा विभाग करतो, मोठ्या योजनांचं जीवन प्राधिकरण करतं. आणि काम संपलं की सगळं ग्रामपंचायतीच्या गळ्यात. यांतला प्रत्येक जण आपापल्या नमुन्यात माहिती मागतो. ती देताना कुठला कागद आधी आणि कुठला नंतर, हे कोणत्याही एका परिपत्रकात लिहिलेलं नाही. तो क्रम तुम्ही लावून दिलात.

सुरुवात तुम्ही कुटुंबसंख्येपासून केलीत, आणि तिथेच सगळ्यात जास्त वेळ दिलात. केंद्राच्या पोर्टलवर कुटुंबं मोजली जातात. ग्रामपंचायतीच्या नमुना ८मध्ये, म्हणजे कर आकारणी नोंदवहीत, मालमत्ता मोजल्या जातात. हे दोन आकडे जुळणारच नाहीत. नमुना ८मध्ये गोठा येतो, दुकानाचा गाळा येतो, मुंबईला गेलेल्यांचं बंद घर येतं. उलट वाटण्या झालेले तीन भाऊ एकाच मालमत्ता क्रमांकावर तीन चुली मांडून असतात आणि शेतातल्या वस्तीवरच्या घरांची नोंदच नसते. ऊसतोडीला गेलेली कुटुंबं दिवाळीनंतरच्या सर्वेक्षणात गायब होतात. यातून होतं असं, की पोर्टलवरच्या आकड्यावर अंदाजपत्रक तयार होतं, पाइप वस्तीच्या अलीकडे थांबतो आणि गाव कागदावर शंभर टक्के होतं. मग राहिलेल्या वस्तीसाठी सुधारित अंदाजपत्रक, पुन्हा तांत्रिक मंजुरी, पुन्हा प्रशासकीय मान्यता.

यावर तुमचा उपाय एका तक्त्याचा होता: मालमत्ता क्रमांक, कुटुंबप्रमुख, चूल वेगळी की एकत्र, घर चालू की बंद, स्थलांतरित असल्यास परतीचा महिना, सध्याचा नळ आहे का आणि कुठल्या लाइनवरचा, वस्तीचं नाव. हा तक्ता अंगणवाडी सेविका आणि आशाताई यांच्या नोंदवह्यांशी ताडून, ग्रामसभेत वाचून, मगच तो अभियंत्याकडे द्यायचा. अंदाजपत्रकाच्या आधी, नंतर नाही, यावर तुम्ही अडून बसलात. ज्या गावांनी हे केलं त्यांचे पाइप वस्तीपर्यंत पोहोचले.

ग्रामसभेचं इतिवृत्त कसं लिहायचं हेही तुम्ही शिकवलंत. गणपूर्ती, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांत जी संख्या कमी ती. ती झाली नाही तर सभा तहकूब होते. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, पण तिथे नवा विषय घेता येत नाही. त्यामुळे योजनेचा विषय मूळ नोटिशीतच असायला हवा, ‘ऐनवेळचे विषय’ या सदरात ढकलून चालत नाही. ‘पाणीयोजना करण्यास मंजुरी’ एवढ्या एका ओळीचा ठराव तुम्ही कधी पुढे जाऊ दिला नाहीत. उद्भवाचा, म्हणजे पाणी जिथून उचलायचं त्या विहिरीचा किंवा स्रोताचा गट क्रमांक, टाकीच्या जागेचा गट क्रमांक आणि क्षेत्र, जागा देणाऱ्याचं नाव, लोकवर्गणीचं खातं, देखभाल-दुरुस्तीची जबाबदारी आणि पाणीपट्टीचा दर, इतकं त्यात हवंच. आणि एका विषयाला एक ठराव. कारण वन खात्याला त्याची स्वतंत्र प्रत लागते, बांधकाम विभागाला वेगळी, महावितरणला वेगळी; पाच विषय एका ठरावात कोंबले आणि त्यांतल्या एकावर हरकत आली की पाचही अडकतात. समितीची रचनाही तुम्ही नीट तपासून घेतलीत: ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ४९ खालची समिती, त्यात निम्म्या महिला. सहीपुरत्या महिला नकोत, असं तुम्ही सरपंचांना तोंडावर सांगत होतात.

जागेच्या बाबतीत तुमचा आग्रह अनेकांना जाचक वाटला होता. टाकीसाठी एखादा शेतकरी दोन गुंठे देतो, साध्या स्टॅम्पपेपरवर संमतीपत्र होतं, नारळ फुटतो. त्याच्या पश्चात वारस हरकत घेतात आणि टाकी उभी असूनही कोर्टात जाते. संमतीपत्राने मालकी जात नाही. नोंदणीकृत बक्षीसपत्र, त्यावरून फेरफार आणि सातबाऱ्यावर ग्रामपंचायतीचं नाव, या तीन पायऱ्या पुऱ्या होईपर्यंत टाकीची आखणी करायची नाही, हा तुमचा दंडक होता. सामाईक सातबारा असेल तर सगळ्या सहहिस्सेदारांच्या सह्या. बहिणींच्या सुद्धा. नेमक्या त्याच राहून जातात.

डोंगराकडच्या गावांसाठी तुम्ही जे केलंत ते वेगळं सांगायला हवं. जलवाहिनी वनजमिनीतून जाणार म्हटलं की वन संवर्धन कायद्याचा लांब रस्ता दिसतो आणि बरेच जण तिथेच हात टेकतात. वनहक्क कायदा, २००६च्या कलम ३(२)मध्ये पिण्याच्या पाण्याची योजना आणि जलवाहिनी यांसाठी सोय आहे. प्रत्येक कामाला एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन, हेक्टरी ७५पेक्षा जास्त झाडं तोडायची नाहीत आणि ग्रामसभेची शिफारस, या अटींवर ती वळवता येते. कायदा केंद्राचा, शिफारस गावाची, निर्णय उपवनसंरक्षकांच्या पातळीवर. पण ही ग्रामसभा घेताना नेहमीची गणपूर्ती धरून चालू नये, हे तुम्ही दाखवून दिलंत. वनहक्क नियमांतल्या ग्रामसभेला निम्मे सदस्य लागतात आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश महिला. नेहमीच्या हिशोबाने शंभर सह्यांवर केलेला ठराव परत येतो तो यामुळे. सभा पाड्यावर, संध्याकाळी, मजुरीची वेळ टाळून घ्या, हा सल्लाही तुमचाच.

रस्ता ओलांडण्याच्या परवानग्यांबद्दल थोडक्यात: रस्ता कोणाच्या ताब्यात आहे ते आधी बघायचं. जिल्हा परिषदेचा रस्ता वर्ग होऊन सार्वजनिक बांधकामकडे गेलेला असतो आणि गावात कोणाला पत्ता नसतो. वीजजोडणीचा अर्ज करण्याआधी जुन्या पाणीयोजनेच्या मीटरची थकबाकी बघायची.

उद्भवाचा हिशोब तर तुम्ही समितीतल्या बायकांकडून फळ्यावर करून घेतलात. गावाची लोकसंख्या १,८०० धरली तर रोज ९९,००० लिटर. गळती १५ टक्के धरली की उपसा सुमारे १,१६,५०० लिटर. पंप आठ तास चालणार असेल तर ताशी साधारण १४,५०० लिटर पाणी विहिरीत यायला हवं. मे महिन्यात तीच विहीर ताशी ९,००० लिटरच देत असेल, तर पंपाला १३ तास वीज लागेल. तेवढी वीज नसेल तर योजना मंजूर झाली तरी उन्हाळ्यात टँकर येणारच. म्हणून भूजल सर्वेक्षण यंत्रणेकडून क्षमता चाचणी उन्हाळ्यातच करून घ्या, ऑक्टोबरमधल्या भरल्या विहिरीवर विसंबू नका, असं तुम्ही सांगितलंत. शिवाय सार्वजनिक उद्भवापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर घेता येत नाही, ही गोष्ट आजूबाजूच्या शेतकऱ्यांना आधीच सांगून ठेवायला लावलीत. त्यामुळे पुढची भांडणं वाचली.

पाण्याच्या शुद्धतेचं काम तीन ठिकाणी वाटलेलं असतं. केंद्राला गावातल्या पाच प्रशिक्षित महिलांनी तपासणी संचावर केलेल्या चाचण्या पोर्टलवर हव्यात. राज्याच्या आरोग्य यंत्रणेचं स्वच्छता सर्वेक्षण वर्षातून दोनदा होतं आणि त्यावर ग्रामपंचायतीला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं. टीसीएल, म्हणजे पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग पावडर, विकत घ्यायची ग्रामपंचायतीने, टाकायची जलसुरक्षकाने. हे सगळे एकमेकांना न विचारता काम करत होते. तुम्ही त्यांची एक तारीख ठरवून दिलीत. सर्वेक्षणाच्या आदल्या आठवड्यात महिलांची चाचणी, त्याच दिवशी टीसीएलच्या पोत्याची तपासणी. ताज्या पावडरीत क्लोरिन ३३ टक्क्यांच्या आसपास असतं. पोतं उघडं राहिलं, ओल लागली की ते उतरत जातं आणि २० टक्क्यांच्या खाली गेलेली पावडर वापरण्याजोगी राहत नाही. हजार लिटरला पाच ग्रॅमचं माप चांगल्या पावडरीचं आहे. जलसुरक्षक मापाने टाकतो, तरी शेवटच्या नळावर ओटी चाचणीत (पाण्यात क्लोरिन उरलं आहे का ते रंगावरून दाखवणाऱ्या) पिवळा रंग येत नाही, याचं कारण पुष्कळदा पोत्यात असतं. शेवटच्या नळावर लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरिन उरायला हवं, आणि ते टाकीजवळच्या नळावर तपासून कळत नाही.

पैशाचंही तुम्ही असंच सोपं केलंत. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१ ते २०२६ या काळातल्या अनुदानात ६० टक्के रक्कम बंधित, म्हणजे ठरलेल्या कामांसाठीच राखलेली होती, निम्मी स्वच्छतेसाठी आणि निम्मी पिण्याच्या पाण्यासाठी. दुरुस्ती, व्हॉल्व्ह बदलणं अशी कामं ग्रामपंचायतीच्या आराखड्यात वेळेवर धरली तरच त्या पैशातून होतात. आराखडा पोर्टलवर गोठवल्यावर आठवण झाली तर उपयोग नाही. पाणी सोडणाऱ्याचा पगार मात्र पाणीपट्टीतूनच. तेव्हा दर ठरवताना आधी त्याचा वर्षाचा पगार, मग वीजबिल, मग पंप जळाला तर लागणारी राखीव रक्कम मांडा आणि बेरजेला पट्टी भरणाऱ्या कुटुंबांनी भागा. एकूण कुटुंबांनी भागलं की तूट ठरलेली, कारण सगळे भरत नाहीत.

आणि सगळ्यात मोठे आभार ‘हर घर जल’च्या, म्हणजे गावातल्या प्रत्येक घरी नळाचं पाणी पोहोचल्याच्या प्रमाणपत्राबद्दल. विभागाने गाव पूर्ण झाल्याचं कळवणं ही एक पायरी आणि ग्रामसभेने ठराव करून ते प्रमाणित करणं ही दुसरी. ठराव, प्रमाणपत्र आणि सभेचं चित्रीकरण पोर्टलवर चढतं. वरून उद्दिष्टाची घाई असते, आणि ती घाई पहिल्यांदा तुमच्याच टेबलावर येते, हे आम्ही पाहिलं आहे. तरीही ‘सभा गावाची आहे, गावाने मोजून ठराव करावा’ एवढंच तुम्ही म्हणत राहिलात. मोजायचं कसं तेही दाखवलंत: पाच माणसांच्या घराला रोज २७५ लिटर हवेत. पाणी एक तास येत असेल तर मिनिटाला साडेचार लिटरहून थोडं जास्त पडायला हवं, म्हणजे २० लिटरची बादली साधारण सव्वाचार ते साडेचार मिनिटांत भरली पाहिजे. ही बादली लाइनच्या शेवटच्या आणि सगळ्यात उंचावरच्या घरी लावायची, तीही उन्हाळ्यात आणि कोणाचीही मोटर नळाला जोडलेली नसताना. सात मिनिटं लागली तर ठराव पुढे ढकला, व्हॉल्व्हच्या पाळ्या बदला, पुन्हा मोजा. काही गावांनी तसा ठराव पुढे ढकलला. त्याचा जाब तुम्हाला द्यावा लागला असणार, पण तुम्ही गावावर कधी दबाव आणला नाहीत. कंत्राटी नोकरीत हे करणं सोपं नसतं.

तुमची करारमुदत संपून तुम्ही आता दुसऱ्या जिल्ह्यात जात आहात. कुटुंबतक्त्यांच्या आणि ठरावांच्या प्रती गावनिहाय लावून प्रत्येक ग्रामपंचायतीला दिल्यात, त्या पोहोचल्या. वनजमिनीचे जे प्रस्ताव अजून वनपरिक्षेत्र कार्यालयात आहेत, त्यांचा पाठपुरावा समित्या करत आहेत. स्थळपाहणीची तारीख आली की तुम्हाला कळवू. नव्या वित्त आयोगाच्या अटींप्रमाणे देखभालीचा आराखडा नव्याने मांडताना शंका आल्या तर फोन करू. तुम्ही तो उचलाल याची खात्री आहे.

आपल्या कृतज्ञ,
ग्राम पाणीपुरवठा व स्वच्छता समित्यांच्या सदस्या आणि सदस्य