मुदत आणि बाटली

प्रिय बाळ,

परवा रात्री फोनवर तू गावकऱ्यांच्या नाल्याच्या प्रकरणाबद्दल 'अर्ज मुदतीत नाही म्हणून फेटाळला' एवढंच बोललीस आणि गप्प झालीस. मला फोनवर धीर देता येत नाही, म्हणून लिहिते आहे.

सकाळी मी हरित लवादाचा, म्हणजे पर्यावरणाचे वाद ऐकणाऱ्या न्यायाधिकरणाचा, २०१० चा कायदा वाचायला घेतला. कलम १४: वादाचं कारण पहिल्यांदा घडलं तेव्हापासून सहा महिने, आणि पुरेसं कारण दाखवलं तर आणखी ६० दिवस. त्या 'पहिल्यांदा'पाशी मी थांबले. कारखान्याच्या सांडपाण्याने नाल्याला वास येतोय हे गावाला तीन पावसाळे ठाऊक होतं. ती माणसं ग्रामपंचायतीत गेली, तहसीलदारांकडे गेली, प्रदूषण नियंत्रण मंडळाला अर्ज केले आणि सगळीकडून थकल्यावर तुझ्या सीनियर वकिलांकडे आली. ती कधी गप्प बसलीच नव्हती, तरी त्यांची मुदत संपली. मला हे कठोर वाटतं. यापुढे पक्षकार समोर बसला की आधी 'कधीपासून?' विचारत जा.

कलम १५ मात्र नुकसानभरपाईसाठी आणि बिघडलेलं पर्यावरण पूर्ववत करण्यासाठी पाच वर्षं देतं. विहिरी नासल्या आहेत, त्या बाजूने जाता येईल का, हे सीनियरांना जरूर विचार. मी वकील नाही, पण ही वाट बघितल्याशिवाय सोडू नकोस.

आता माझ्या विषयातलं. गावकऱ्यांनी शीतपेयाच्या बाटलीत काळं पाणी भरून आणलं, असं तू म्हणालीस. त्यांची तळमळ खरी आहे, पण त्या बाटलीचं काय होतं ते मी प्रयोगशाळेत आयुष्यभर पाहिलं आहे. बीओडी, म्हणजे पाण्यातली घाण खाताना जिवाणूंना किती ऑक्सिजन लागतो तो आकडा, काढायला नमुना २७ अंशांवर तीन दिवस ठेवतात. त्याआधी तो उन्हात, गाडीत पडून राहिला, तर आतले जिवाणू घाण आधीच खाऊ लागतात आणि आकडा खऱ्यापेक्षा कमी येतो. नदीनाल्यात सोडायच्या सांडपाण्याला साधारण मर्यादा लिटरमागे ३० मिलिग्रॅमची. म्हणजे उशिराचा फायदा कारखान्यालाच. शिवाय १९७४ च्या जलप्रदूषण कायद्याचं कलम २१ बघ. मंडळाच्या अधिकाऱ्याने तिथल्या तिथे नोटीस द्यायची, नमुन्याचे दोन भाग करायचे, बाटल्या सीलबंद करून दोन्ही बाजूंच्या सह्या घ्यायच्या. हे चुकलं तर तो अहवाल पुरावा म्हणून चालत नाही. तेव्हा मंडळाचा अहवाल हातात आला की आकड्यांआधी सील, सह्या आणि वेळ बघ.

लॉच्या पहिल्या वर्षाला तू मला दिल्लीच्या ओलियम (तीव्र सल्फ्युरिक आम्ल) गळतीचा निकाल वाचून दाखवला होतास. १९८५ ची ती घटना मी कॉलेजात असताना पेपरात वाचली होती. धोक्याचा उद्योग करणाऱ्याला 'मी काळजी घेतली होती' असं म्हणून सुटता येणार नाही, हे वाक्य तू दोनदा वाचलंस. पुढे कंपनीतली नोकरी सोडून तू ज्युनिअर म्हणून राहिलीस, तेव्हा मी नाराज होते. आज नाही.

नाल्याचे फोटो काढायला एकटी जाऊ नकोस. गावातलं कोणीतरी सोबत घे, आणि निघताना मला कळव. रात्री कितीही वाजले तरी मी जागी असेन.

प्रयोगशाळेच्या अहवालाचं दुसरं पान पाठव. नमुना घेतल्याची वेळ आणि तपासणी सुरू झाल्याची वेळ, या दोन्ही मला बघायच्या आहेत.

तुझी,
आई