निर्धाराला मुदत कुठे आहे?

अमेरिकेतील तुरुंगांतून सुटलेल्या लॅटिना (लॅटिन अमेरिकी वंशाच्या) स्त्रियांच्या व्यसनमुक्तीवरील लेख (रविवार पुरवणी) वाचला. त्यात सारा भर स्त्रीच्या निर्धारावर आहे, तो पटला नाही. तिथल्या १९९७ च्या कायद्यानुसार मूल मागच्या २२ महिन्यांपैकी १५ महिने सरकारी व्यवस्थेतून सांभाळणाऱ्या दुसऱ्या कुटुंबात राहिले, की आईचे हक्क संपवण्यासाठी राज्याने न्यायालयात जायचे असते. काही अपवाद आहेत. पण तुरुंगातले महिने आणि त्यापुढे निवासी उपचारांचे महिने यांची बेरीज करून पाहावी. मुलांना सोबत राहू न देणाऱ्या केंद्रात आई कशी दाखल होणार?

लॉस एंजेलिसमधल्या एका केंद्रात मी काही काळ स्वयंसेवक होते. तिथली एक बाई गटचर्चेत 'आय ॲम फाइन' एवढेच म्हणे. संध्याकाळी मुलीशी फोनवर स्पॅनिशमध्ये बोलताना मात्र ढसाढसा रडे. समुपदेशकाला स्पॅनिश येत नव्हते. (आपल्या गावाकडच्या मावशीचे समुपदेशन इंग्रजीतून केले तर काय होईल?)

वॉशिंग्टन राज्यातील सुटलेल्या कैद्यांवर २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, पहिल्या दोन आठवड्यांत अमली पदार्थांच्या अतिमात्रेने मृत्यू होण्याचा धोका सर्वसामान्यांच्या १२९ पट आढळला होता. अशा वेळी प्रतीक्षायादीचा काय उपयोग? मुलांसह राहता येईल आणि स्पॅनिशमध्ये बोलता येईल अशी जागा सुटकेच्या दिवशीच तयार हवी. लेखात तिचा उल्लेखही नाही.

– एक वाचक, ठाणे