परीक्षणात गेम इंजिनाचे नाव द्यावे

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीतील व्हिडिओ गेमची परीक्षणे मी आवर्जून वाचतो. त्यांत कथा, चित्रे, संगीत यांविषयी पुष्कळ असते. गेम कोणत्या इंजिनावर, म्हणजे गेम ज्यावर उभारतात त्या कोणत्या मूळ सॉफ्टवेअरवर बनला, हे मात्र बहुधा नसते. मी शाळेत संगणक शिकवतो आणि स्वतः गेम बनवू पाहणारी मुले नेमके हेच विचारतात.

नुसत्या रूपावरून उत्तर द्यायला गेले की फसगत होते. युनिटी आणि अनरियल ही दोन इंजिने घ्या. ‘चित्रे साधी म्हणजे युनिटी, झगमगीत म्हणजे अनरियल’ असा मुलांचा पक्का समज असतो. युनिटीच्या मोफत आवृत्तीत सुरुवातीला तिचे बोधचिन्ह दाखवणे अनेक वर्षे सक्तीचे होते आणि पैसे भरणाऱ्यांना ते काढता येत असे. त्यामुळे नवख्यांच्या गेमवर ते ठळक दिसले, नावाजलेल्यांच्या गेमवर दिसलेच नाही. २०१७ चा ‘कपहेड’, ज्याची चित्रे १९३० च्या दशकातील कार्टूनच्या धाटणीने हाताने रेखाटलेली आहेत, तोही युनिटीवरचाच, हे मुलांना खरे वाटत नाही.

मग मी गेमचा फोल्डरच उघडून दाखवतो. ‘युनिटीप्लेयर.डीएलएल’ ही फाइल आणि गेमच्या नावापुढे ‘डेटा’ जोडलेला फोल्डर दिसला की शंका उरत नाही. अनरियलच्या गेममध्ये सहसा ‘इंजिन’ हा फोल्डर आणि ‘.पॅक’ फायली सापडतात, गोडो या आणखी एका इंजिनाच्या गेमसोबत बहुधा ‘.पीसीके’ फाइल असते. तरी केवळ एक्स्टेन्शन, म्हणजे फाइलच्या नावातील टिंबानंतरची अक्षरे, पाहून निकाल देऊ नये, कारण १९९६ च्या ‘क्वेक’च्या फायलीही ‘.पॅक’च होत्या. अशा वेळी फाइल हेक्स एडिटरमध्ये, म्हणजे फाइलमधील माहिती कच्च्या आकड्यांत दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, उघडून पहिली चार अक्षरे वाचावीत. ‘क्वेक’मध्ये तिथे ‘पी ए सी के’ असते, तर १९९३ च्या ‘डूम’मध्ये ‘आय डब्ल्यू ए डी’. आकड्यांच्या त्या जंगलात मुलांनी ही अक्षरे स्वतः शोधून मोठ्याने वाचली, तो तास मी विसरलेलो नाही.

पुण्याच्या नोडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये आणलेला ‘राजी’ अनरियल इंजिन ४ वर बनला आहे. आपल्याच भागातल्या मंडळींनी कोणते साधन वापरले हे कळले, की होतकरू मुलाला तेच साधन मोफत उतरवून घेऊन शिकायला सुरुवात करता येते.

मोबाइल आणि कन्सोलवर फोल्डर असा सहज उघडता येत नाही, आणि निर्मात्यांनी स्वतःचेच इंजिन लिहिले असेल तर वरच्या खुणाही लागू पडत नाहीत. तिथे निर्मात्यांना विचारणे हाच मार्ग उरतो, आणि एखाद्या विद्यार्थ्यापेक्षा आपल्या प्रतिनिधीला उत्तर मिळण्याची शक्यता अधिक. म्हणून परीक्षणाखालच्या चौकटीत निर्माते आणि किंमत यांच्यासोबत इंजिनाचीही एक ओळ छापावी, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक संगणक शिक्षक, सातारा