उताऱ्यावर नाव लागलं म्हणजे घर एकट्याचं होत नाही

संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या पेपरात सातबाऱ्याच्या, बांधाच्या भांडणाच्या बातम्या रोज असतात, पण राहत्या घरावरून भावाबहिणींत जे होतं त्यावर फार कमी छापून येतं म्हणून लिहितोय.

आमचं घर कराड तालुक्यात एका गावच्या गावठाणात आहे, वडिलांनी नोकरी करत करत बांधलेलं, आधी दोन खोल्या मग पडवी मग वरचा स्लॅब. आई आधीच गेली होती, वडील 2017 ला गेले, मृत्युपत्र काही केलेलं नव्हतं. आम्ही दोन भाऊ दोन बहिणी. तेराव्याची जेवणं उरकली आणि एक नातेवाईक लिहून आणलेला स्टॅम्प पेपर घेऊन बसले, बहिणींनी सह्या करायच्या की आमचा घरावर हक्क नाही. ताईजवळ चष्मा पण नव्हता तरी तिने सही केली. धाकटीने विचारलं दादा हे कशाचं आहे, आणि मी म्हणालो अगं काही नाही, ग्रामपंचायतीची फॉर्मॅलिटी आहे. हे मी बोललो आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं.

नंतर नमुना 8 च्या, म्हणजे ग्रामपंचायतीच्या घरपट्टीच्या नोंदीच्या, उताऱ्यावर आम्हा दोघा भावांची नावं लागली, घरपट्टी आमच्या नावाने यायला लागली, आम्हाला वाटलं विषय संपला. पुढे थोरल्या भावाला घरावर कर्ज काढायचं होतं तेव्हा बँकेच्या वकिलाने पहिलाच प्रश्न केला, बहिणींचं रजिस्टर हक्कसोडपत्र कुठंय? ते नव्हतंच. हक्कसोड दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेलं नसेल तर घरातला हिस्सा सुटत नाही, आणि उताऱ्यावरची नोंद ही कर वसुलीसाठी असते, मालकी ठरवायला नाही, हे सुप्रीम कोर्टाने कितीतरी निकालांत सांगितलंय. म्हणजे इतकी वर्षं आम्ही ज्या कागदाच्या जोरावर बहिणींना पाहुण्यासारखं वागवत होतो तो कागद कोर्टात उभाच राहिला नसता.

लोक प्रत्येक जुन्या घराला वडिलोपार्जित म्हणतात, आम्हीही म्हणायचो. खरं तर आमचं घर वडिलांच्या स्वकष्टाचं, ते हयात असताना कुणालाही लिहून देऊ शकले असते, पण मृत्युपत्र न करता गेले म्हणून हिंदू वारसा कायदा 1956 च्या कलम 8 प्रमाणे चौघांना सारखे हिस्से, बहिणीचं लग्न कधी झालं, लग्नात किती खर्च केला याचा काही संबंध नाही. आणि घर खरंच एकत्र कुटुंबाचं वडिलोपार्जित असलं तरी याच कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीनंतर मुलगी जन्माने मुलासारखीच हिस्सेदार आहे, त्यासाठी वडील दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी, 9 सप्टेंबर 2005 ला, हयात असायलाच पाहिजेत असं नाही, हे सुप्रीम कोर्टाच्या 11 ऑगस्ट 2020 च्या विनीता शर्मा निकालाने मिटवून टाकलंय.

मला सगळ्यात जास्त टोचलं ते याच वारसा कायद्यातलं जुनं कलम 23. भाऊ स्वतः वाटणी करेपर्यंत बहिणीला राहत्या घराची वाटणी मागताच यायची नाही, नुसता राहायचा हक्क आणि तोही लग्न न झालेल्या, नवऱ्याने टाकलेल्या, नवऱ्यापासून वेगळ्या राहणाऱ्या किंवा विधवा मुलीला. ते कलम 2005 ला गेलं, पण आमच्या गावातली माणसं अजून तसंच बोलतात, बहीण आली तर चार दिवस राहील, हिस्सा कसला!

कर्ज मिळेना म्हणून भावाने आपला हिस्सा बाहेरच्या माणसाला विकायचं काढलं. तेव्हा कळलं की एकत्र कुटुंबाच्या राहत्या घरातला हिस्सा घेणाऱ्या परक्याला आपल्यात येऊन राहायचा हक्क मिळत नाही, आणि त्याने वाटपाचा दावा लावला तर 1893 च्या वाटणी कायद्याच्या कलम 4 प्रमाणे घरचे हिस्सेदार कोर्ट ठरवेल त्या किमतीला तो हिस्सा विकत घेऊ शकतात. घेणाऱ्याला हे समजल्यावर तो मागे हटला. मी घरात राहतोय म्हणून बारा वर्षांनी घर माझंच होईल असंही एकाने मला सांगितलं होतं. तेही खरं नाही, एका हिस्सेदाराचा ताबा हा साधारणपणे सगळ्यांच्या वतीने धरला जातो.

शेवटी धाकटीने वाटपाचा दावा लावला आणि तिचं बरोबरच होतं. कोर्टात आधी हिस्से ठरतात, मग कोर्टाने नेमलेला कमिशनर येऊन मोजतो, आणि घर नीट तुटत नसेल तर विकून पैसे वाटायची वेळ येऊ शकते. त्या विक्रीच्या भीतीनेच आम्ही एकत्र बसलो. लोकअदालतीत तडजोड झाली, तो निवाडा हुकूमनाम्यासारखाच असतो, त्यावर अपील नाही आणि भरलेली कोर्ट फी परत मिळते. भावाने आणि धाकटीने पैसे घेतले, ताई विधवा आहे, तिला खालच्या दोन खोल्या आणि मागचं अंगण दिलं, वरचा मजला माझ्याकडे.

तुमच्याकडे माझी विनंती एवढीच की हक्कसोडपत्र म्हणजे नेमकं काय हे साध्या भाषेत एकदा ठळक छापा. बहिणीला हिस्सा स्वखुशीने सोडायचा असेल तर तो तिचा प्रश्न आहे, पण सही तेराव्याच्या मांडवात घेऊ नका, दोनचार महिने जाऊ द्या, कागद तिच्या घरी पाठवा, तिला तिच्या वकिलाला दाखवू द्या. आणि ग्रामपंचायतींनी वारस नोंद करताना मुलींची नावं आधी लावावीत, सोडायचं काय ते नंतर.

आपला एक वाचक,
तालुका कराड, जिल्हा सातारा