कोऱ्या गोळीने गाठ विरत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कालच्या रविवार पुरवणीतला विचारांच्या सामर्थ्यावरचा लेख दोनदा वाचला आणि रात्री झोप लागली नाही, म्हणून हे पत्र. लेखकाचा हेतू चांगलाच असेल. पण ‘आजार आधी विचारात जन्मतो, मग शरीरात’ हे वाक्य छापण्याआधी तुमच्याकडे कोणीतरी थांबायला हवे होते.

मी ३१ वर्षे परिचारिका होते. विड्या वळून मान-पाठ धरलेल्या बायका यायच्या आणि म्हणायच्या, “बाई, गोळी नको, सुईच टोचा.” सुई घेऊन बाहेरच्या बाकावर बसेपर्यंत त्यांना बरे वाटायला लागायचे. एवढ्यात औषधाचा गुण येणे शक्य नसायचे. तरीही ते बरे वाटणे खोटे होते असे मी म्हणणार नाही. विश्वासाने दुखणे कमी होते, मळमळ थांबते. त्याला प्लासिबो म्हणतात आणि त्याचा जोर एवढा असतो की नव्या औषधाची चाचणी घेताना काही रुग्णांना मुद्दाम कोरी, म्हणजे औषध नसलेली, गोळी देऊन तुलना करावी लागते. उलटेही घडते. ‘या गोळीने मळमळेल’ असे आधी सांगितले की कोऱ्या गोळीनेही काहींना मळमळते. मात्र या विश्वासाने गाठ विरत नाही आणि क्षयाचे जंतू मरत नाहीत. माझ्या धाकट्या बहिणीला स्तनाचा कर्करोग झाला, तेव्हा भेटायला आलेल्या एका बाईंनी तिला विचारले, “मनात फार साठवून ठेवलं होतंस का गं?” त्यानंतर ती मला रोज विचारायची, “ताई, माझं काय चुकलं असेल?” शेवटच्या आठवड्यातही तिने हेच विचारले. असले प्रश्न आजाऱ्याच्या उशाशी नेऊन ठेवणारे लेख कृपा करून छापू नका.

आता सामूहिक भावनेबद्दल. सगळ्यांनी मिळून चांगला विचार केला की गावाचे वास्तव बदलते, असे लेखात आहे. सगळ्यांनी मिळून भीती बाळगली तर काय होते, त्याबद्दल एक ओळ नाही. आपल्या सोलापूर जिल्ह्याला तरी ते विसरता येऊ नये.

२०१८ च्या जूनमध्ये ‘मुले पळवणारी टोळी आली आहे’ हा निरोप घरोघरच्या मोबाइलवर फिरत होता. मीही तो मुलीला पुढे पाठवला होता, काळजी घे म्हणून. पूर्व भागातल्या आमच्या गल्लीत एका दुपारी झोळी घेतलेली एक बाई आली, कडेवर दीड-दोन वर्षांचे पोर. पोर तिच्यापेक्षा उजळ होते, एवढेच. “हे कुणाचं?” असे एकाने विचारले आणि बघता बघता पन्नास-साठ माणसे जमली. ती घाबरून अर्धे कानडी, अर्धे मराठी बोलत होती. ती घाबरली आहे म्हणजे ती चोरच, असे लोक म्हणू लागले. ती कोणाला घाबरली होती, हे कोणाच्याच ध्यानात येत नव्हते. त्यातले निम्मे चेहरे माझ्या ओळखीचे होते. कित्येकांच्या मुलांना मी लशी टोचल्या होत्या. आणि मी काय केले? नातू घरात आहे ना ते पाहिले आणि आतून कडी लावली.

रात्रपाळी करून झोपलेला एक यंत्रमाग कामगार गलक्याने उठून बनियनवरच बाहेर आला. त्याने त्या बाईला हात धरून आपल्या घरात नेले, बायकोला तिच्यापाशी बसवले, बाहेरून दार ओढून घेतले आणि स्वतः उंबऱ्यावर बसला. पोलीस आल्याशिवाय उठणार नाही, हे त्याने तेलुगूत आणि मराठीत सांगितले. दोघांनी त्याची गचांडी धरली तरी तो हलला नाही. पोलीस यायला अर्धा तास लागला. पोर तिचेच होते. मी हे सगळे खिडकीच्या फटीतून पाहिले.

पुढे १ जुलैला, रविवारी, धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला पाच जणांना जमावाने ठेचून मारले. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, भिक्षा मागून पोट भरणारी माणसे. त्यातले बहुतेक आपल्या मंगळवेढा तालुक्यातले. बाजारच्या दिवशी त्यांच्यापैकी एक जण एका लहान मुलीशी बोलला, एवढे निमित्त पुरले. तिथल्या गावात उंबऱ्यावर बसणारे कोणी निघाले नाही. मी त्या दिवशी कडी लावली होती, तेव्हा त्या गावाला नावे ठेवायला मला तोंड नाही.

आणखी एक, राग मानू नका. गेल्या आठवड्यात तुमच्या पहिल्या पानावर ‘पाणी आणखी लांबणार?’ असा मथळा होता. आमच्याकडे पाणी पाचव्या दिवशी येते. मथळा वाचून त्या पाळीला गल्लीतल्या प्रत्येकाने नळाला मोटार लावली आणि टाकी भरल्यावर पिंप, पातेली, कुकरसुद्धा भरून ठेवले. आमचे घर गल्लीच्या टोकाला. आमच्यापर्यंत धारच आली नाही. पुढची पाळी मात्र ठरल्या दिवशीच आली. पाणी लांबले ते आम्हा टोकाच्या चार घरांचे, आणि तेही त्या प्रश्नचिन्हामुळे. मथळ्यात प्रश्नचिन्ह टाकण्याआधी पाणी सोडणाऱ्या माणसाला एकदा फोन करत जा.

पुढच्या रविवारी त्याच पानावर त्या यंत्रमाग कामगाराबद्दल चार ओळी छापाव्यात, ही विनंती. तो अजून आमच्याच गल्लीत राहतो. काल संध्याकाळी मी त्याला विचारून आले. छापायला त्याची हरकत नाही, फक्त नाव घालू नका म्हणाला.

आपली,
एक निवृत्त परिचारिका, सोलापूर