व्हीपीएन ग्राहकांच्या नोंदी पाच वर्षे कशासाठी?

महोदय,

'सर्ट-इन' या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवरचा वापर इतरांपासून झाकणारी सेवा, पुरवणाऱ्या कंपन्यांना ग्राहकाचे नाव, पत्ता, दूरध्वनी क्रमांक, त्याला दिलेला आयपी पत्ता (इंटरनेटवरचा ओळख क्रमांक), एवढेच नव्हे तर सेवा घेण्यामागचा हेतूसुद्धा नोंदवून, त्याने सेवा सोडल्यावरही पाच वर्षे जपून ठेवावा लागतो. कार्यालयांच्या अंतर्गत व्हीपीएनला यातून सूट आहे. सामान्य नागरिकाला मात्र नाही, आणि हेच मला खटकते.

घरातल्या आजारपणाविषयी काही वाचायचे असले की मी आधी मोबाइलवर व्हीपीएन सुरू करतो. मग इंटरनेट पुरवठादाराला मी उघडलेले संकेतस्थळ दिसत नाही, केवळ व्हीपीएनच्या सर्व्हरचा पत्ता दिसतो. हा आडपडदा गुन्हेगाराचा नव्हे. पण पडद्यामागची वहीच सरकारला हवी तेव्हा उघडता येणार असेल, तर पडदा उरतो कुठे? याच कारणाने एक्स्प्रेसव्हीपीएन, सर्फशार्क आणि नॉर्डव्हीपीएन यांनी भारतातले आपले सर्व्हर हलवले.

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला आहे. त्याला धरून, संशयिताची माहिती न्यायालयीन आदेशानेच मागवावी आणि सरसकट नोंदींची सक्ती मागे घ्यावी, अशी माझी मागणी आहे.

एक वाचक, सातारा