न्या. तेलंगांची पुस्तकं वाचवायला हातभार लावा

सप्रेम नमस्कार.

आपल्या वाचनालयाच्या मागच्या खोलीतल्या दोन कपाटांत न्यायमूर्ती काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांच्या ग्रंथांच्या जुन्या प्रती आहेत. यंदा पावसात तिथल्या भिंतीला ओल आली. तेलंगांनी गीतेचं इंग्रजी भाषांतर केलं, ते 1882 साली मॅक्स म्युलर यांच्या ‘सेक्रेड बुक्स ऑफ द ईस्ट’ या ग्रंथमालेत आठवा खंड म्हणून निघालं. तो खंड उघडला की पानांचे कोपरे तुटून हातात येतात आणि पुठ्ठ्याची कसरीने चाळण केली आहे.

रानडे सगळ्यांना ठाऊक असतात, तेलंग मात्र वकिलांनाही आठवत नाहीत. रामायण ग्रीक कवी होमरवरून उचललं या जर्मन संस्कृत पंडित वेबरच्या म्हणण्याचा त्यांनी 1873 साली समाचार घेतला, तेव्हा ते जेमतेम तेविशीत होते. 1885 मध्ये मुंबईत काँग्रेसचं पहिलं अधिवेशन भरलं, त्यात ते होते. 1889 साली मुंबई हायकोर्टाचे न्यायाधीश झाले आणि 1892 मध्ये मुंबई विद्यापीठाचे पहिले भारतीय कुलगुरू. आपाजी नरहर कुलकर्णी खटल्यात, वडील आपल्या वडिलांशी वा भावांशी एकत्र कुटुंबात असले तरी, स्वतःच्या वडिलांच्या संमतीवाचून मुलाला वाटणी मागता येते, असं मत त्यांनी पूर्णपीठात इतर न्यायमूर्तींच्या विरोधात नोंदवलं. सुधारणेची बाजू मांडणाऱ्या याच माणसाने स्वतःच्या मुलीचं लग्न आठव्या वर्षी लावलं, हेही झाकून ठेवण्यात अर्थ नाही. 1 सप्टेंबर 1893 रोजी, अवघ्या त्रेचाळिसाव्या वर्षी ते गेले. हायकोर्टातल्या त्यांच्या जागी रानडे आले. मराठी बखरींवरचा तेलंगांचा निबंधही रानड्यांनी आपल्या मराठी सत्तेवरील ग्रंथात छापला.

या प्रतींची दुरुस्ती, नवी बांधणी आणि स्कॅनिंग करायचं आहे. भिंतीचं काम वाचनालय स्वतःच्या शिलकीतून करेल. देणगीचा एकही रुपया त्यात जाणार नाही. रोख वा वाचनालयाच्या नावाचा चेक, कितीही रकमेचा चालेल; पावती जागेवर मिळेल. पैसे देणं जमत नसेल तर रविवारी सकाळी या, पानं साफ करायला आणि क्रम लावायला माणसं हवीत. जुने निकाल वाचायची सवय असलेले वकील आले तर फारच बरं, कारण सूची त्यांच्याशिवाय होणार नाही.

आजोबा-पणजोबांच्या ट्रंकेत ‘शहाणा नाथन’ची प्रत निघाली, तर कृपया रद्दीत घालू नका. जर्मन नाटककार लेसिंगच्या नाटकाचं हे मराठी भाषांतर तेलंगांचंच, आणि आमच्या कपाटात ते नाही. स्कॅन करून मूळ प्रत परत देऊ.

कार्यालय सायंकाळी 5 ते 8 उघडं असतं. सोमवारी बंद.

आपले,
कार्यकारी मंडळ